घरच्या नेटवर्कसाठी खासगी डोमेन नाव कसे निवडावे

घरात एक राउटर, दोन-तीन लॅपटॉप, एक प्रिंटर, प्रयोगासाठी घेतलेला रास्पबेरी पाय आणि सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवणारा नॅस एवढी साधने जमली, की १९२.१६८.१.१० यांसारखे पत्ते पाठ ठेवणे कंटाळवाणे होते. मग आपण साधनांना नावे देतो. 'नॅस', 'प्रिंटर' ही नावे सोपी आहेत. प्रश्न येतो तो त्यांच्यापुढे लागणाऱ्या आडनावाचा, म्हणजे डोमेनचा. हे आडनाव बहुतेक जण मनाला येईल तसे ठेवतात. ते तसे का ठेवू नये आणि कोणते ठेवावे, हे या टिपणात पाहू.

एक सूचना: या पाठात सर्व नावे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकात ती रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

१. नाव विचारल्यावर काय घडते

समजा, तुम्ही घरच्या नेटवर्कला 'वाडा' हे डोमेन दिले. फाइलींच्या साधनाचे पूर्ण नाव झाले 'नॅस.वाडा'. लॅपटॉपवर हे नाव टंकल्यावर लॅपटॉप राउटरला विचारतो, राउटर आपल्या तक्त्यात पाहून पत्ता सांगतो आणि काम होते. विचारणा घराबाहेर जात नाही.

आता तोच लॅपटॉप महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेला. फाइली आपोआप जुळवून घेणारा प्रोग्राम पार्श्वभूमीत चालूच आहे. तो पुन्हा 'नॅस.वाडा' विचारतो, पण या वेळी ग्रंथालयाच्या डीएनएस सर्व्हरला. त्या सर्व्हरला तुमचे घर माहीत नाही. तो नियमाप्रमाणे इंटरनेटच्या रूट सर्व्हरकडे जातो आणि विचारतो, 'वाडा' नावाचे उच्चस्तरीय डोमेन कोणाकडे आहे? रूट सर्व्हर उत्तर देतो, असे डोमेन नाही. प्रोग्राम गप्प बसतो आणि तुम्हाला काही कळतही नाही.

या उत्तरातला 'नाही' हा शब्द नीट समजून घ्या. त्याचा अर्थ 'आज नाही' एवढाच आहे. उद्या कोणी 'वाडा' हे उच्चस्तरीय डोमेन रीतसर मिळवले, तर त्याच प्रश्नाला 'आहे' असे उत्तर येईल आणि सोबत एका परक्या यंत्राचा पत्ता येईल. तुमचा प्रोग्राम इमानदारीने त्या यंत्राशी जोडणी करील. त्या जोडणीत ओळख पटवण्याची नीट सोय नसेल, तर तुमचे वापरकर्ता नाव आणि पासवर्ड परक्याच्या हाती जाऊ शकतात. तुम्ही मात्र एकही चुकीची कळ दाबलेली नसेल.

२. मोकळे नाव आणि राखीव नाव

गावाबाहेर मोकळा भूखंड दिसला म्हणून कोणी त्यावर घर बांधत नाही. आधी सातबारा पाहतो. डोमेन नावांचेही तसेच आहे. नावांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला, नोंदवलेले नाव: ते कोणाच्या तरी मालकीचे आहे. दुसरा, मोकळे नाव: ते आज कोणाचेच नाही, पण उद्या कोणाचेही होऊ शकते. तिसरा, राखीव नाव: ते कोणालाही विकले जाणार नाही असे ठरलेले आहे.

घरच्या नेटवर्कसाठी नाव निवडण्याचा नियम यातूनच निघतो. नाव एकतर तुमच्या स्वतःच्या मालकीचे असावे, नाहीतर कोणाच्याच मालकीचे होऊ न शकणारे असावे. मधले, म्हणजे नुसते मोकळे नाव घेऊ नये.

'वाडा' कोण मागणार, असे वाटेल. पण उत्तेजकविरोधी काम करणाऱ्या जागतिक संस्थेचे इंग्रजी लघुरूप रोमन अक्षरांत नेमके तेच आहे. शिवाय रूट यादी स्थिर नाही. २०१२ च्या आधी .कॉम, .ऑर्ग यांसारखी सर्वसाधारण उच्चस्तरीय डोमेन अवघी २२ होती. त्या वर्षी आयकॅन या संस्थेने नव्या नावांसाठी अर्ज मागवले, तेव्हा १,९३० अर्ज आले. आज सर्व प्रकारची मिळून चौदाशेहून अधिक उच्चस्तरीय डोमेन वापरात आहेत. आपल्याकडे .इन बरोबरच देवनागरीतले .भारत हेही सार्वजनिक डोमेन आहे. म्हणून 'घर.भारत' असे नाव नोंदणी न करता वापरणेही चुकीचेच.

३. प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टी

हा धोका कागदावरचा नाही. तीन उदाहरणे पाहा.

जर्मनीत फ्रित्झबॉक्स नावाचे राउटर घरोघरी आहेत. त्यांचे सेटिंगचे पान 'फ्रित्झ.बॉक्स' या पत्त्यावर उघडते, कारण राउटर स्वतःच त्या नावाचे उत्तर देतो. पुढे .बॉक्स हे खरेखुरे उच्चस्तरीय डोमेन झाले. जानेवारी २०२४ मध्ये त्यातील नावे सर्वांना खुली होताच 'फ्रित्झ.बॉक्स' हे नाव एका तिऱ्हाइताने नोंदवले. घराबाहेरून, उदाहरणार्थ मोबाइल डेटावरून, तोच पत्ता टंकणारा माणूस आता आपल्या राउटरऐवजी परक्या ठिकाणी पोहोचू शकत होता. उत्पादक कंपनीला विपोच्या तंटानिवारण प्रक्रियेतून ते नाव मिळवावे लागले.

दुसरे उदाहरण .डेव्ह या डोमेनचे. अनेक वेब प्रोग्रामर आपल्या संगणकावरच्या चाचणी संकेतस्थळांना .डेव्ह हे आडनाव देत. पुढे हे उच्चस्तरीय डोमेन गूगलने मिळवले. २०१७ च्या अखेरीस क्रोम ब्राउझरने सर्व .डेव्ह नावांसाठी सुरक्षित जोडणी सक्तीची केली. ज्यांच्या चाचणी स्थळांना प्रमाणपत्र नव्हते, त्यांची पाने एका अपडेटनंतर उघडेनाशी झाली.

तिसरे, कॉर्प.कॉम. विंडोजच्या जुन्या कार्यालयीन नेटवर्कांत 'कॉर्प' हे अंतर्गत नाव फार प्रचलित होते. असे लॅपटॉप कार्यालयाबाहेर गेले, की नावाचा शोध घेता घेता काही वेळा कॉर्प.कॉम या खऱ्या डोमेनपर्यंत पोहोचत. त्या डोमेनचा मालक चांगला होता म्हणून अनर्थ टळला. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डोमेन विकत घेतले. ते चुकीच्या हाती पडू नये, हा त्यामागचा हेतू होता.

अशाच कारणाने .होम, .कॉर्प आणि .मेल यांसाठी आलेले अर्ज आयकॅनने आधी रोखून धरले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ते पुढे न नेण्याचे ठरवले. ही नावे खासगी नेटवर्कांत इतकी पसरली होती की ती कोणाला देणे धोक्याचे होते. तरीही .होम हे नाव खासगी वापरासाठी रीतसर राखलेले नाही, हे लक्षात ठेवा. अनेक राउटरांत आढळणारे .लॅन हेही तसे राखीव नाही.

४. योग्य पर्याय

पहिला पर्याय, होम.आर्पा: मे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८३७५ या मानकाने हे नाव खास घरगुती नेटवर्कांसाठी राखून ठेवले. तुमच्या साधनाचे नाव होईल 'नॅस.होम.आर्पा'. विचारणा चुकून बाहेर गेलीच, तर अशा निरर्थक प्रश्नांसाठी ठेवलेले सर्व्हर 'असे नाव नाही' एवढेच सांगतात. नाव दिसायला देखणे नाही, पण काम चोख करते.

दुसरा पर्याय, .इंटर्नल: जुलै २०२४ मध्ये आयकॅनने हे उच्चस्तरीय डोमेन खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले. ते रूट यादीत कधी येणार नाही. छोटे कार्यालय, प्रयोगशाळा किंवा वसतिगृहातले नेटवर्क यांना हे नाव शोभते. यात एक तांत्रिक बारकावा आहे. रूट यादीवर डीएनएससेकची सही असल्याने '.इंटर्नल अस्तित्वात नाही' याचा सहीनिशी पुरावा मिळतो. सह्या स्वतः तपासणारे साधन त्या पुराव्यावर विश्वास ठेवून तुमच्या राउटरचे उत्तर नाकारू शकते. होम.आर्पाच्या बाबतीत ही साखळी मुद्दाम सहीविना सोडली आहे, त्यामुळे ही अडचण येत नाही.

तिसरा पर्याय, स्वतःचे डोमेन: तुम्ही एखादे .इन डोमेन विकत घेतले असेल, तर त्याचे उपडोमेन घराला द्या, जसे 'घर.तुमचेनाव.इन'. मुख्य नाव संकेतस्थळासाठी मोकळे राहते. या पर्यायाचा मोठा फायदा प्रमाणपत्राचा आहे. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था डीएनएस नोंदीवरून मालकी तपासते, त्यामुळे घरचे एकही पोर्ट बाहेर न उघडता ब्राउझरला मान्य होणारे प्रमाणपत्र मिळते. होम.आर्पा किंवा .इंटर्नल नावांना असे सार्वजनिक प्रमाणपत्र मिळत नाही, कारण त्यांची मालकी कोणालाच सिद्ध करता येत नाही. तेथे स्वतःचे प्रमाणपत्र-केंद्र उभारून त्याचे मूळ प्रमाणपत्र घरातल्या प्रत्येक साधनात बसवावे लागते.

तिसऱ्या पर्यायाच्या दोन अटी आहेत. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. मुदत संपलेले डोमेन दुसऱ्याने घेतले, की आपण पुन्हा पहिल्या धोक्यात सापडतो. दुसरे म्हणजे, दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक वह्यांत होते. घरातल्या प्रत्येक साधनाचे नाव जगाला दिसू नये असे वाटत असेल, तर संपूर्ण उपडोमेनसाठी एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घ्या.

५. .लोकल का नको?

.लोकल हे नाव राखीवच आहे, पण वेगळ्या कामासाठी. २०१३ च्या आरएफसी ६७६२ नुसार ते मल्टिकास्ट डीएनएसचे आहे. या पद्धतीत साधन राउटरला न विचारता २२४.०.०.२५१ या पत्त्यावर नेटवर्कमधल्या सर्वांना एकदम विचारते आणि ज्याचे नाव असेल तो उत्तर देतो. अॅपलची साधने आणि लिनक्सवरचे अवाही हीच पद्धत वापरतात. तुम्ही राउटरच्या तक्त्यातही .लोकल नावे भरली, तर एक साधन राउटरला विचारील, दुसरे विचारणारच नाही. असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. मल्टिकास्टला त्याचे काम करू द्या. राउटरच्या तक्त्यासाठी दुसरे नाव घ्या.

६. मांडणी कशी करावी

राउटरच्या पानावर 'लोकल डोमेन' अशा अर्थाची जागा असते. तेथे निवडलेले नाव भरा. तुमच्या राउटरमध्ये किंवा रास्पबेरी पायवर डीएनएसमास्क चालत असेल, तर तीन गोष्टी पक्क्या करा. एक, डोमेन कोणते ते सांगा. दोन, ते डोमेन 'स्थानिक' म्हणून घोषित करा, म्हणजे तक्त्यात नसलेले नावही बाहेर विचारले जाणार नाही. तीन, डीएचसीपीने प्रत्येक साधनाला डीएनएस सर्व्हरचा पत्ता आणि डोमेन नाव कळू द्या. पर्याय क्रमांक ६ आणि १५ त्यासाठीच आहेत.

साधनांची नावे अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह यांचीच असावीत. दोन टिंबांमधल्या प्रत्येक भागाला ६३ अक्षरांची मर्यादा आहे. नाव कामावरून द्या, माणसावरून नको.

नंतर तपासणी करा. घरच्या वायफायवर 'नॅस.होम.आर्पा'चा पत्ता मिळाला पाहिजे आणि मोबाइल डेटावर मिळता कामा नये. वायफायवरही ब्राउझर नाव शोधू शकत नसेल, तर त्यातील सुरक्षित डीएनएसची सोय पाहा. ती चालू असल्यास ब्राउझर तुमच्या राउटरला वगळून थेट बाहेरच्या सर्व्हरला विचारत असतो. स्वतःच्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत घरचा खासगी पत्ता ठेवला असेल, तर काही राउटर सुरक्षेसाठी असे उत्तर अडवतात; तेथे त्या डोमेनला अपवाद द्यावा लागतो.

७. नावाची मर्यादा

राखीव नाव विकले जात नाही, पण ते तुमच्या एकट्याचेही नाही. मित्राच्या घरीही 'नॅस.होम.आर्पा' असू शकतो. तुमचा लॅपटॉप तिथल्या वायफायला जोडला, तर त्याला मित्राच्या नॅसचा पत्ता मिळेल. म्हणून समोरच्या यंत्राची ओळख नावावरून ठरवू नका. एसएसएचने जोडताना यंत्राची किल्ली बदलल्याची सूचना आली, तर ती डोळे झाकून मान्य करू नका. प्रमाणपत्राबद्दलची सूचनाही तशीच वाचा.

सारांश

केवळ घरापुरते नेटवर्क असेल तर होम.आर्पा, छोट्या संस्थेला .इंटर्नल, आणि मान्य प्रमाणपत्र हवे असेल किंवा दोन ठिकाणची नेटवर्के जोडायची असतील तर स्वतःच्या डोमेनचे उपडोमेन घ्यावे. नाव पुढे बदलायचे म्हटले तर प्रत्येक साधन, प्रत्येक प्रोग्राम आणि प्रत्येक प्रमाणपत्र हाताळावे लागते. तेव्हा पहिल्याच दिवशी दहा मिनिटे विचार करून नाव ठेवलेले बरे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या किंवा वसतिगृहातल्या राउटरने कोणते डोमेन दिले आहे ते शोधा. ते नोंदवलेले, मोकळे की राखीव, ते कारणासह लिहा.
२. होम.आर्पाला सार्वजनिक प्रमाणपत्र का मिळू शकत नाही?
३. एका विद्यार्थ्याने घरच्या नॅसला 'नॅस.लॅन' हे नाव दिले आहे. तो लॅपटॉप घेऊन प्रवासाला निघाला, तर नावाची विचारणा कोणकोणत्या सर्व्हरपर्यंत जाईल, ते आकृती काढून दाखवा.