फुप्पीची ओढणी आणि गाजरगवत

पावसाळा लागला की कळंब्यात भांगलणीची घाई सुरू होते. आमची फुप्पी तेव्हा तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळून शेतावर जायची. लोकांना वाटायचं परदा. खरं कारण वेगळंच होतं. पापण्या सुजलेल्या, मान काळवंडून जाड झालेली, कोपराच्या खोबणीत खाजवून रक्त आलेलं. टोळीतल्या बायका तिच्या तांब्यातलं पाणी पिईनात. आम्हीही शहाणे, घरात वांगी आणि मासे बंद केले! मेडिकलमधली ट्यूब लावली की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी काढल्या आणि सांगितलं, गाजरगवताची ॲलर्जी. आपण त्याला काँग्रेस गवत म्हणतो. हे मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नजरेत आलं. साठ-सत्तरच्या दशकांत पुण्याच्या डॉक्टरांनी अशा त्वचारोगाचा संबंध याच गवताशी जोडला. त्यातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य अंगाला बाधतं. वर्षानुवर्षं उपटूनही काही होत नाही आणि एकदा अंगाने ते ओळखलं की वाळक्या पानाचा भुगा वाऱ्याने आला तरी पुरे. म्हणूनच आधी उघडा भाग, चेहरा आणि मान, धरला जातो. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही.

"शेतात जाऊ नका," डॉक्टर सहज म्हणाले. मग चूल कशी पेटायची?

मी फुप्पीला घेऊन मालकांकडे गेले. "बाई, खाज सगळ्यांनाच येते," ते म्हणाले. मी डॉक्टरांचा कागद पुढे केला, तिची ओढणी बाजूला केली. ते गप्प झाले. आता ती त्यांच्या ऊस रोपवाटिकेत ट्रे भरते. हजेरी थोडी कमी मिळते, यावरून माझी अजून भांडणं चालू आहेत.

टोळीतल्या बायकांना मात्र एवढं सांगून आले: गवत फुलावर येण्याआधी उपटा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला, घरी येताच अंग धुवा, ते कपडे वेगळे भिजवा. डोळे सुजले, धाप लागली तर घरगुती औषधात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

गेल्या आठवड्यात एकीने फुप्पीच्या तांब्यातलं पाणी मागितलं.