अत्तराचे शहर कनौज

लग्नात पाहुण्यांच्या मनगटाला अत्तर लावतात. गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात. हे अत्तर येते कोठून? आपल्या देशात अत्तरासाठी फार नावाजलेले शहर म्हणजे कनौज. ते उत्तर प्रदेशात, गंगेच्या सुपीक खोऱ्यात आहे. एखादे शहर अत्तराचे कसे होते, ते मी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे जवळची शेती. तिथे गुलाब, मोगरा पिकतो. गुलाब भल्या पहाटे खुडतात, कारण ऊन चढले की वास उडून जातो. भट्टी जवळ असल्यामुळे फुले लगेच कामी येतात. आमचे तसे नाही. गेल्या दसऱ्याला झेंडूचा भाव पडला. आमच्या दादांनी दोन पोती झेंडू बांधावर ओतला. आई दिवसभर बोलली नाही. कनौजला तर झेंडूचेसुद्धा अत्तर काढतात!

दुसरी गोष्ट म्हणजे कसब. तांब्याच्या मोठ्या भांड्यात फुले आणि पाणी घालतात. त्याला देग म्हणतात. झाकण चिकणमातीने लिंपून घेतात, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. खाली लाकडे, गोवऱ्या पेटवतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्याला भपका म्हणतात. भपका थंड पाण्यात ठेवलेला असतो आणि त्यात चंदनाचे तेल असते. तिथे वाफ निवते आणि फुलांचा वास तेलात उतरतो. मग तेल वर राहते आणि पाणी खालून काढून टाकतात. जाळ किती हवा, ते कारागीर भांड्याला हात लावून ओळखतात. हे पुस्तकात वाचून येत नाही. बापाजवळ बसून मुलगा शिकतो.

पहिल्या पावसात आपल्या शिवारात मातीचा वास सुटतो ना? कनौजचे लोक भाजलेल्या मातीपासून तोही वास काढतात. त्याला मिट्टी अत्तर म्हणतात. मला हे फार नवल वाटले.

तिसरी गोष्ट म्हणजे मान देणारी माणसे. सातव्या शतकात हर्षवर्धन राजाची राजधानी कनौज होती. बाणभट्ट हा कवी त्याच्या दरबारात होता. चीनचा प्रवासी युआन श्वांगही तिथे आला होता. पुढे राजशेखर हा कवी कनौजच्या दरबारात होता. त्याचे पणजोबा महाराष्ट्रातले कवी होते. जिथे राजे, कवी, व्यापारी जमतात, तिथे चांगल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळते. नंतर मोगलांच्या काळातही अत्तराला मोठी मागणी होती.

पण आता अडचण आहे. चंदन फार महाग झाले आहे. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी पॅराफिन वापरतात. रसायनांचे सेंट तर स्वस्तात मिळतात. खरे अत्तर घ्यायला माणसे आली नाहीत, तर मुले ते काम कशाला शिकतील? कनौजमध्ये १९९१ साली सुगंधाचे एक सरकारी केंद्र निघाले. तिथे हे काम शिकवतात, ही चांगली गोष्ट आहे.

मला वाटते, शहर काही एका राजामुळे मोठे होत नाही. फुले पिकवणारा, भट्टी लावणारा आणि माल घेणारा असे तिघेही लागतात. आपल्या गावात फुले आहेत, ओढा आहे, गोवऱ्या तर घरोघर आहेत. शिकवणारा तेवढा हवा. पालकांनो, तुम्हाला काय वाटते?