दोन मिनिटांचे एकूणपन्नास दिवस

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत हट्टा नांवाचें गांव आहे. हा मुलूख हळदीचा, आणि हळदीला पाणी वेळेवर लागतें. शेतीपंपांस तीन फेजांची वीज गेलीं अनेक वर्षें ठराविक तासांपुरती, कित्येकदां रात्रींच्या प्रहरीं, मिळत आली. म्हणून स्टार्टरच्या पेटीला 'ऑटो' जोडण्याची रीत पडली. वीज आली कीं ऑटो आपण होऊन मोटर चालू करतो आणि शेतकऱ्याची अंधारांतली फेरी वांचते. मात्र वीज येतांच साऱ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीवर भार पडतो, म्हणून थोडें थांबावें लागतें. आणि तीनांपैकीं एक फेज गेली तर मोटर तत्काळ बंद व्हावी लागते, नाहीं तर तिचें वाइंडिंग जळतें.

हा विचार हल्लीं मायक्रोकंट्रोलर करतो. गणित करणारें अंग, स्मरण आणि बाहेरच्या तारांस जोडावयाचे पाय हीं सर्व एकाच चिपेंत सामावलेलीं असतात. इंटेल कंपनीची 8051 ही चिप 1980 सालीं निघाली व आपल्या तंत्रनिकेतनांत ती दीर्घ काळ शिकविली गेली. पुढें 2005 सालीं इटलींतील इव्रेया येथें आर्डुइनोचा जन्म झाला, आणि त्याच्या लायब्रऱ्यांनीं हें काम शाळकरी मुलांच्याहि आटोक्यांत आणलें. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानें लिहून ठेवलेल्या आज्ञांचा साठा. 'थांब' म्हटलें कीं चिप थांबते. कशी, हें विचारण्याचें कारण पडत नाहीं.

तें केव्हां पडतें, हें पाहण्यासारखें आहे. आर्डुइनो ऊनोवरील ॲटमेगा 328पी ही चिप आठ बिटांची असून तिच्यासाठीं लिहितांना साधी पूर्ण संख्या सोळा बिटांत ठेवली जाते. तींत 32,767 हून मोठा आंकडा मावत नाहीं. थांबण्याचा काळ मिलिसेकंदांत द्यावयाचा असतो. विद्यार्थी टेबलावर तीस सेकंदांचा प्रयोग करतो. तीस गुणिले हजार म्हणजे 30,000, आणि सर्व ठीक चालतें. मग शेतावर नेण्यासाठीं तो दोन गुणिले साठ गुणिले हजार असें लिहितो. उत्तर 1,20,000, तें मावत नाहीं, सांडतें, आणि उरतात उणे 11,072. लायब्ररीला उणे संख्या ठाऊक नाहीं. ती हाच आंकडा 4,29,49,56,224 असा वाचते. दोन मिनिटांचे झाले एकूणपन्नास दिवस आणि सतरा तास! तेवढ्यांत हळद वाळून जाईल. उलट दहा मिनिटें लिहिलीं तर मोटर अवघ्या दहा सेकंदांत उठते. लायब्ररीचा येथें तिळमात्र दोष नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, 'थांब' ही आज्ञा चालू असेपर्यंत मुख्य कार्यक्रम फेजेकडे पाहतच नाहीं. चिपेच्या पोटांत स्वतंत्र टायमर आहेत. ते आपले मोजीत राहतात व वेळ भरली कीं चालू काम थांबवून वर्दी देतात. ते जाणणारा मनुष्य चिपेला झोपवून ठेवीत नाहीं.

पायांचेंहि तसेंच. प्रत्येक गटाला आठ बिटांचीं तीन रजिस्टरें असतात: डीडीआर पायाची दिशा ठरवितें, पोर्ट त्यावर वीज ठेवितें, आणि पिन तेथें काय आहे तें वाचतें. वीज येतांच डीडीआरमध्यें सर्वत्र शून्य असतें, म्हणजे सगळे पाय ऐकणारे, बोलणारा एकहि नाहीं. त्या क्षणीं रिले ओढणारा ट्रान्झिस्टर निराधार असतो आणि रिले फडफडूं शकते. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वींची ही अवस्था कोणत्याहि लायब्ररीच्या हातांत नाहीं; तेथें जमिनीकडे जोडलेला एक रेझिस्टरच लागतो.

रजिस्टरांत थेट लिहिल्यानें काम जलद होतें, असें पुष्कळदां सांगतात. तें खरेंच आहे; लायब्ररीला कांहीं मायक्रोसेकंद लागतात तेथें थेट आज्ञा एक-अष्टमांश मायक्रोसेकंदांत होते. पण रिलेच्या पट्टीला हलावयासच हजारों मायक्रोसेकंद लागतात, तेव्हां पंपाच्या कामीं ही घाई व्यर्थ होय.

शिकणाऱ्यानें प्रथम चिपेच्या माहितीपत्रकांतील पायांचें प्रकरण घ्यावें आणि एक दिवा रजिस्टरांतून लावून पाहावा. मग लायब्ररी खुशाल वापरावी, परंतु तिचा मजकूर उघडून. तो सर्वांस खुला आहे. वरील चुकीला उपाय तर अगदींच लहान आहे. गुणाकारांतील दोनाच्या अंकाला लागून 'यूएल' हीं दोन अक्षरें लिहिलीं कीं हिशेब बत्तीस बिटांत होतो, आणि विहिरीवरची मोटर दोन मिनिटांनीं उठते.