अखेरची सोय कुणावर सोपवाल?

मैत्रिणींनो, विषय अशुभ म्हणून पान उलटू नका. लोणच्याचा खार उतू जाऊ नये म्हणून आपण आदल्या दिवशी बरणी उन्हात ठेवतो, आणि ही एक गोष्ट मात्र अशा वेळेवर सोडतो की तेव्हा चहात साखर किती घालायची हेही सुचत नाही. मीही तशीच होते. बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी, घरचा हिशेब पैशापैशाने ठेवणारी. तरी फसले.

चार वर्षांपूर्वी आषाढात पहाटे अडीच वाजता मामंजी गेले. आमच्याच गावातला खाजगी दवाखाना. यांचं तर भानच हरपलं होतं, भावजी बंगलोरला, बाहेर पाऊस धो धो. खाली फाटकापाशी आले तर एक गृहस्थ पुढे झाले, "वहिनी, काही काळजी करू नका. सगळं आम्ही बघतो. आठ हजारांत सगळं." त्या क्षणी तो 'वहिनी' शब्द मला देवासारखा वाटला. आमच्या डोळ्यांतलं पाणी पुरतं खळलंही नव्हतं, तोवर याला बातमी कशी कळली, हा प्रश्न मला तब्बल आठवड्याने पडला. आतलं कुणीतरी फोन करतं, हे उघड होतं.

दुपारपर्यंत आठ हजारांना पाय फुटले. तिरडीचं सामान वेगळं. गाडी दाराशी थांबली त्याचे वेगळे. उचलायला माणसं कमी पडली, त्यांचे वेगळे. "लाकडं ओली आहेत, विद्युतदाहिनीतच नेऊ," म्हणाला, आणि दाहिनीची म्हणून जी रक्कम घेतली ती नगरपालिकेने तिथल्याच फलकावर लिहिलेल्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त होती. पण त्या दिवशी फलक वाचतो कोण? एकूण चौदा हजार सातशे. पावती मागितली तर माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काही वावगं बोलले.

पैशांचं मी कधीच सोडून दिलं. खरं दुःख पुढेच आहे. "अस्थींना वेळ लागेल, संध्याकाळी या," म्हणून आम्हाला घरी पाठवलं. संध्याकाळी हे गेले तर कट्ट्यावर दोन मडकी. दोन्हींवर नाव नाही. तिथला माणूस यांनाच विचारतो, "यातलं तुमचं कुठलं?" यांनी एक उचललं. नाशिकला रामकुंडावर आम्ही रीतसर विसर्जन केलं, सगळं यथासांग झालं. पुढे कितीतरी महिन्यांनी एका रात्री दिवा मालवल्यावर हे म्हणाले, "ते बाबाच होते ना गं?" मी काय सांगणार? "होते हो," म्हटलं. सासूबाईंना आम्ही हे अजून सांगितलेलं नाही.

पूर्वी गल्लीत एखादे अण्णा नाहीतर तात्या असायचे. निरोप पोचायच्या आत ते बांबू, कामट्या, सुतळी घेऊन हजर. मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड, कुठल्या दुकानातून काय आणायचं ते त्यांना पाठ. आता फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचं नाव पाटीवर वाचावं लागतं, मुलं परगावी नाहीतर परदेशी. त्यामुळे पैसे घेऊन हे काम करणारी माणसं आली आणि त्यात गैर काहीच नाही. काही संस्था तर नुसत्या सेवाभावानेही करतात. प्रश्न एवढाच की चांगला माणूस ओळखायचा कसा?

ते मला गेल्या वर्षी पुण्यात मावशीच्या वेळी कळलं. मावशी घरीच गेली. तिची मुलगी एकटी. पण मावशी मोठी धोरणी. तिच्या मैत्रिणींच्या ज्येष्ठ नागरिक संघातून विचारपूस करून एका माणसाचा नंबर तिने स्वतःच वहीत लिहून ठेवला होता. मी फोन लावला. पैशांचं नावसुद्धा न काढता त्याचा पहिला प्रश्न, "डॉक्टर येऊन गेले का? मृत्यूच्या कारणाचा दाखला हातात आहे का?" तो नसेल तर स्मशानात नोंद होत नाही, हे त्याला माहीत होतं. दुसरा प्रश्न, "त्यांना पेसमेकर बसवला होता का?" मी चक्रावले. तेव्हा समजलं की पेसमेकर अंगात राहिला तर अग्नीत त्याचा स्फोट होतो, म्हणून तो डॉक्टरांकडून आधी काढून घ्यावा लागतो. तिसरा प्रश्न मात्र मला फार आवडला. "बाईमाणूस आहेत. आंघोळ घरातल्या बायका घालतील, की आमच्याकडच्या दोघी पाठवू?"

आल्यावर त्याने चतकोर कागदावर यादी केली. गाडी इतके, सामान इतके, माणसं इतके, दाहिनीची फी महापालिकेची आहे, ती तुम्ही तिथे थेट भरा आणि पावती घ्या. गुरुजींची दक्षिणा तुमची तुम्ही ठरवा. खाली सही. वैकुंठात दाहिनीपाशी जाण्याआधी त्याने फडक्यावर मावशीचं नाव शाईने लिहून ते रिकाम्या मडक्याला बांधलं, आणि अस्थी हाती येईपर्यंत त्याचा माणूस तिथून हलला नाही. दोनेक तासांचंच काम होतं. मावसबहीण मडकं घेऊन गाडीत बसली तेव्हा ते फडकं मी किती वेळ बघत होते!

तेव्हा फोनवर नुसतं "सगळं करतो" म्हणणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. "सगळं म्हणजे काय काय?" असं विचारा. गाडीचे पैसे फेरीवर की किलोमीटरवर, थांबण्याचे किती, हे आधी बोलून घ्या. मुलगा दुरून यायचा असेल आणि शीतपेटी आणावी लागली, तर तिचं भाडं दिवसाचं की तासांचं हेही विचारायला हवं. लाकडावर दहन असेल तर साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागतं. "जरा जास्त लागली" या मोघम हिशेबाला तेवढा अंदाज पुरतो. पावसाळ्यात दाहिनी बरी, पण वीज गेली तर जनरेटर आहे का? आणि मुलगी अग्नी देणार असेल तर ते गुरुजींना आधी सांगा. आयत्या वेळी स्मशानात वाद नको. मावशीच्या वेळी गुरुजींनी आनंदाने करवून घेतलं.

दाहिनी म्हटलं की घरातली वडील माणसं जरा बिचकतात. आमच्या सासूबाईही "ते यंत्रात घालणं नको बाई" म्हणायच्या. मग यांनी त्यांना सावरकरांचं सांगितलं. १९६६ साली ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचं दहन मुंबईत विद्युतदाहिनीत झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, "ते मोठे लोक. पण मंत्र होतात ना? मग माझं काही म्हणणं नाही." मंत्राग्नीचा विधी दाहिनीपूर्वी होतोच.

आता कागदांचं. हे काम बहुधा पुरुषांवर सोडलं जातं आणि पुढे निस्तरावं लागतं आपल्याला. घरी मृत्यू झाला तर नेहमीच्या डॉक्टरांनाच बोलवा. कित्येक वर्षांत तपासलेलंच नसेल तर अनोळखी डॉक्टर दाखला द्यायला कचरतात, आणि त्यांचंही चूक नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांना अधूनमधून एकाच डॉक्टरांकडे दाखवत राहावं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे कारणाच्या दाखल्याला फी घेता येत नाही. घरी येण्याची फी अर्थात वेगळी. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरच्यांची. आणि नोंद होते ती मृत्यू झाला त्या ठिकाणी, मूळ गावी नव्हे. नोंदीचा पहिला दाखला विनामूल्य मिळतो. तेव्हा "दाखलाही आणून देतो, त्याचे इतके" असं कुणी म्हणालं तर तो त्याच्या हेलपाट्याचे पैसे मागतोय, दाखल्याचे नव्हेत, एवढं लक्षात असू द्या.

नाव मात्र अक्षर न् अक्षर तपासून घ्या. मामंजींच्या कागदावर दवाखान्याने त्यांचं घरात हाक मारायचं नाव लिहिलं होतं. आधारवर वेगळं, विम्याच्या पॉलिसीवर तिसरंच. ते एकसारखं करून बँकेतले पैसे सासूबाईंच्या नावावर व्हायला आम्हाला चार महिने लागले. दर खेपेला त्या बिचाऱ्या माझ्याबरोबर रिक्षाने यायच्या आणि बाकावर बसून राहायच्या.

पुण्याहून परतल्यावर मी एक कागद केला. डॉक्टरांचा फोन, दोन माणसांची नावं (एकाचा फोन लागला नाही तर दुसरा हवा), नगरपालिकेच्या कचेरीची वेळ, आधारच्या प्रती कुठे आहेत ते. ही दोन माणसं कशी शोधली म्हणाल, तर गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्यांच्या घरी असा प्रसंग झाला त्यांनाच विचारलं. "शेवटी किती झाले आणि आधी किती सांगितले होते?" एवढा एकच प्रश्न. तिसऱ्या घरापर्यंत चांगली नावं आपोआप कळली. जाऊन पालिकेच्या फलकावरची फीही उतरवून आणली. स्मशानाच्या आवारात बाईला बघून तिथला कर्मचारी दचकला, पण बोलला चांगलं.

कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवत होते, तेवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चष्मा लावला, सगळं सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, "माझं नाव चुकलंय. आधारवर आहे तसं लिही. आणि खाली लिही, ती जांभळी इरकली नेसवा. मडक्यावर नाव घालायला विसरू नका."

म्हणजे त्यांना माहीत होतं तर.