बोंडअळीची जनुके काय साक्ष देतात?

जूनपूर्वी कपाशी लावू नका, हा सल्ला बीड जिल्ह्यातल्या गेवराई-माजलगावच्या शेतकऱ्याला आता पाठ झाला आहे. कारण अर्थातच गुलाबी बोंडअळी. २०१७ मध्ये तिने बीडसह मराठवाडा-विदर्भात बोंडांची कवडी केली आणि खापर फुटले शेतकऱ्यावर: बांधाला बिगर-बीटीच्या ओळी लावल्या नाहीत, फरदड ठेवली. ते खोटे नाही. पण अळीची जनुके वाचली की दुसराही आरोपी दिसतो.

बीटी कपाशीतले क्राय१एसी हे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटले, तरच ती मरते. भारतीय शेतांतल्या अळ्यांमध्ये या एका जनुकाची बिघडलेली ८ रूपे सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुकाची प्रत काढताना तुकडे चुकीचे जोडले जात होते आणि त्यातून १९ प्रकारच्या प्रती निघत होत्या. म्हणूनच डीएनएची नुसती अक्षरे वाचून भागत नाही. जनुक कुठे सुरू होते, कुठे तुटते, याच्या खुणाही कराव्या लागतात. २००६ मध्ये बोलगार्ड-२ या दोन विषांच्या बीटी कपाशीतून आलेल्या क्राय२एबी या दुसऱ्या विषाला अळीने दुसऱ्याच जनुकात बिघाड करून चकवले. एबीसीए२ नावाच्या त्या जनुकाचा छडा २०१८ मध्ये लागला.

हा प्रतिकार इथेच इतका का फोफावला? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी बोट ठेवले संकरित बियाण्यावर. संकरात बीटी जनुक एकाच पालकाकडून येते. मग त्या झाडाच्या बोंडात दोन विषांपैकी प्रत्येक विष चारांतल्या एका सरकीत नसते, सोळांतल्या एकीत दोन्ही नसतात. अळी तर सरकीवरच पोसते. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी घास! प्रतिकार शिकवायला याहून चांगली शाळा कोणती?

अमेरिकेत संकरित नव्हे, तर सरळ वाणांतले बीटी होते. जोडीला वांझ पतंग सोडले आणि २०१८ मध्ये तिथून बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एनएच १९०१ बीटीसारखे सरळ वाण आपल्याकडेही आहेत.

शेतकऱ्याने डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी, एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ पतंग आले की फवारणी करावी. मात्र बीडच्या अळ्यांची जनुके दर हंगामात तपासणे आणि सरळ वाणाचे बियाणे मुबलक पुरवणे हे काम सरकारचेच आहे. ते न करता शेतकऱ्याला दोष देणे थांबवावे.