आधी छप्पर, मग वर्दी

न्यू ऑर्लिन्स, सप्टेंबर 2006. कतरिना वादळाला वर्ष झालंय. बांध फुटून शहराचा 80 टक्के भाग पाण्याखाली गेला होता. पोलीस भरती पाहणाऱ्या एका सार्जंटबाईंचा हा दिवस. बाई कल्पनेतल्या, अडचणी खऱ्या.

सकाळी 6. शहरातल्या जेंटिली भागातलं घर आतून सोललेलं. बुरशी धरलेले तक्ते काढल्यावर नुसते वासे उरलेत. नवरा आणि मुलं अंगणातल्या सरकारी ट्रेलरमध्ये. मुलांचे डबे भरून बाई निघतात.

8. हजेरी. ऑफिसही ट्रेलरमध्येच. वादळापूर्वी दलात 1,600 च्या वर पोलीस होते. आता गस्तीला माणूस पुरत नाही, म्हणून जूनपासून नॅशनल गार्डचे 300 जवान रस्त्यावर आहेत.

9.30. चारित्र्य पडताळणी. उमेदवार लोअर नाइन्थ वॉर्डचा. शेजाऱ्यांकडे चौकशी करायची, तर अख्खा शेजारच वाहून गेलाय. एक जण ह्यूस्टनला सापडतो, दुसरी अटलांटाला, घरमालकाचा फोन बंद. शाळेचा दाखला भिजून लगदा झालेला. बाई चिकाटीनं फोन लावत राहतात. घाईत चुकीच्या माणसाला वर्दी दिली तर त्याची किंमत शहरच मोजणार.

अकराच्या सुमारास उमेदवाराचाच फोन. "मॅडम, अजून किती दिवस? बांधकामावर उद्यापासून काम मिळतंय."

"थोडं थांब," एवढंच त्यांना म्हणता येतं.

दुपारी 1. एका पोलिसाचा राजीनामा. ऐन वादळात ड्यूटी सोडून पळालेले बडतर्फ झाले, ते योग्यच. हा मात्र पळाला नव्हता. पाणी ओसरल्यावर नदीत नांगरलेल्या प्रवासी जहाजावर पोलिसांची सोय केली होती, तिथं राहून यानं रोज ड्यूटी केली. बायकामुलं टेक्सासात. आता तिकडच्याच पोलीस दलात नोकरी मिळालीय. अशा माणसाला गद्दार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

3. वरिष्ठांसाठी टिपण: पोलिसांना घरं द्या, पगार वाढवा, टेबलावरची कामं बिगर-पोलीस कर्मचाऱ्यांकडे सोपवा. पुढे रँड या संशोधन संस्थेचा 2007 चा अहवालही याच मुद्द्यांवर बोलला. भरतीच्या जाहिरातींवर खर्च करण्याआधी हेच व्हायला हवं होतं.

संध्याकाळी 7. ह्यूस्टनला गेलेल्या एका जुन्या हवालदाराचा फोन. परत यायचं म्हणतो. पगाराचं विचारत नाही; विचारतो, "आमच्या भागातली शाळा उघडली का?"

बाई पेन उचलतात, मुलांच्या इयत्ता लिहून घेतात. उद्या पहिला फोन शाळेला.