स्टॅटिन औषधांमुळे होणारी स्नायुवेदना

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांचा सर्वाधिक चर्चिला जाणारा दुष्परिणाम म्हणजे स्नायूंचे दुखणे, जडपणा, पेटके किंवा अशक्तपणा होय. ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिमवास्टॅटिन आणि प्रावास्टॅटिन ही या गटातील परिचित औषधे आहेत. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या रुग्णांना ही गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. अशा रुग्णाने दुखण्याला कंटाळून ती परस्पर बंद केली, तर दुसऱ्या झटक्याचा धोका वाढतो. स्टॅटिन घेत असताना जाणवणाऱ्या बहुतेक वेदनांचे कारण स्टॅटिन नसते, मात्र काही वेदनांचे निश्चितपणे तेच असते. या दोहोंतील फरक ओळखण्याची रीत आणि वेदना असतानाही उपचार चालू ठेवण्याचे मार्ग यांचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

लक्षणे

स्टॅटिनमुळे होणारी वेदना सहसा शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखी असते. मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे व दंड या मोठ्या स्नायूंमध्ये ती जाणवते. औषध सुरू केल्यानंतर किंवा त्याची मात्रा वाढविल्यानंतर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत ती सुरू होण्याची शक्यता अधिक असते आणि औषध थांबविल्यावर बहुधा दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते. जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना मांड्यांत बळ नसल्यासारखे वाटणे हे केवळ दुखण्यापेक्षा अधिक गंभीर लक्षण मानले जाते.

क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात व त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांत जाऊन त्यांना इजा करते. या अवस्थेस ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. दरवर्षी स्टॅटिन घेणाऱ्या एक लाख व्यक्तींमध्ये दोन ते तीन जणांना ती होते. तीव्र वेदना व अशक्तपणा यांसोबत लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे ही तिची खूण आहे. असे झाल्यास गोळी तत्काळ थांबवून, पुढच्या भेटीची वाट न पाहता, रुग्णालयात जावे लागते. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना २०१८) आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातील मोठी सरकारी उपचारकेंद्रे आहेत.

इतर दुखण्यांशी होणारी गल्लत

अहिराणी भाषक रुग्ण "आंग दुखस" एवढेच सांगतो, तेव्हा त्यात ताप, थकवा, सांधेदुखी आणि स्नायुवेदना या सर्वांचा समावेश असू शकतो. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात कापलेला घड खांद्यावरून बांधापर्यंत वाहणारा मजूर, किंवा दिवाळीच्या आगेमागे दिवसभर वाकून कापूस वेचणारी स्त्री यांचे खांदे, कंबर व मांड्या गोळी घेतली नाही तरी दुखतात. त्यामुळे वेदना गोळीच्या आधीपासून होती का, ती कोणत्या कामानंतर वाढते आणि सुटीच्या दिवशी कमी होते का, हे विचारल्याशिवाय निदान होत नाही. दुर्दैवाने गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमके हेच प्रश्न वगळले जातात. गोळी सुरू करण्यापूर्वीच असलेल्या दुखण्यांची नोंद केसपेपरवर करून ठेवली, तर पुढचा पुष्कळ गोंधळ टळतो.

उन्हाळा हा आणखी एक घटक आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. घाम व क्षार गमावल्याने येणारे पोटऱ्यांचे पेटके स्टॅटिनच्या माथी मारले जातात. उलट, निर्जलीकरण आणि उन्हातील अतिश्रम यांमुळे स्नायूंना स्वतंत्रपणे इजा होऊ शकते. म्हणून स्टॅटिन घेणाऱ्याने ऐन उन्हात शेतात राबताना पाणी व मीठ-साखरेचे पाणी यांची हेळसांड करू नये. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे व मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने टिकणारी वेदना सांध्यांत असते. महाराष्ट्राने तिचा मोठा अनुभव २००६ च्या साथीत घेतला. एकाच पायात वरून खाली उतरणारी, मुंग्या आणणारी कळ बहुधा मणक्याशी संबंधित असते. अवटू ग्रंथीचा स्राव कमी असल्यास कोलेस्टेरॉल वाढते आणि स्नायूही दुखतात, त्यामुळे ही तपासणी स्टॅटिन सुरू करण्यापूर्वीच व्हायला हवी.

सर्वांत घातक गल्लत पायांच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराबाबत होते. तंबाखू ओढणाऱ्या किंवा मधुमेही व्यक्तीच्या पोटऱ्या ठरावीक अंतर चालल्यावर दुखू लागतात आणि थांबल्यावर काही मिनिटांत राहतात. हे लक्षण पायांकडे जाणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याचे असते आणि त्या आजारावर स्टॅटिन हेच एक प्रमुख औषध आहे. ही वेदना गोळीची समजून गोळी बंद करणारा रुग्ण आपला उपचारच थांबवितो.

कारणमीमांसा

यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराला स्टॅटिन अडविते. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीपासून या गटातील पहिला पदार्थ वेगळा केला. लोवास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. याच साखळीतून पेशींच्या ऊर्जानिर्मितीस लागणारे कोएन्झाइम क्यू-१० देखील तयार होते. ते घटल्याने स्नायू दुखत असावेत असा एक तर्क आहे, परंतु तो सिद्ध झालेला नाही.

रक्तातील औषधाची पातळी जितकी अधिक, तितका स्नायूंना धोका अधिक, हे मात्र निश्चित आहे. स्टॅटिनला यकृतात ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक काही व्यक्तींमध्ये वेगळ्या रूपात असते. अशा व्यक्तींना सिमवास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅम मात्रेने स्नायुविकार होण्याचा धोका बराच वाढतो, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. रोसुवास्टॅटिनची रक्तातील पातळी आशियाई लोकांमध्ये युरोपीय लोकांच्या सुमारे दुप्पट आढळते. म्हणून अमेरिकेतील औषधपत्रिकेत आशियाई रुग्णांसाठी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात सुचविली आहे. वार्धक्य, सडपातळ बांधा, मूत्रपिंड वा यकृताचा विकार आणि अतिमद्यपान यांनीही धोका वाढतो.

अत्यंत विरळ प्रसंगी शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. तेव्हा गोळी बंद करूनही अशक्तपणा वाढत जातो आणि प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात.

वेदनेचे प्रमाण आणि नोसिबो परिणाम

दुष्परिणाम किती जणांना होतो या प्रश्नावर दीर्घकाळ वाद झाला. फ्रान्समध्ये ७,९२४ रुग्णांच्या पाहणीत (२००५) सुमारे दहा टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार सांगितली. मात्र अशा पाहणीत प्रत्येकाला आपण स्टॅटिन घेत आहोत हे ठाऊक असते. २०२२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १९ चाचण्यांतील १,२३,९४० लोकांची माहिती एकत्र केली गेली. या चाचण्यांत निम्म्यांना स्टॅटिन व निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळाली होती आणि कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत नव्हते. स्नायूंचे दुखणे वा अशक्तपणा स्टॅटिन गटात २७.१ टक्के, तर दुसऱ्या गटात २६.६ टक्के लोकांनी नोंदविला. पहिल्या वर्षी हजारामागे सुमारे ११ जणांना स्टॅटिनमुळे जादा त्रास झाला. नंतर दोन्ही गटांतील फरक जवळपास मिटला.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील 'सॅमसन' चाचणी (२०२०) याहून बोलकी आहे. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या गेल्या. चारांत ॲटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारांत औषध नसलेल्या गोळ्या, तर चार रिकाम्या होत्या. रोज नोंदविलेल्या त्रासाचे सरासरी गुण रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत ८.०, औषधविरहित गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३ आले. गोळी घेण्याच्या अपेक्षेनेच जो त्रास होतो त्यास नोसिबो परिणाम म्हणतात. स्वतःच्या नोंदी पाहिल्यावर त्या साठांपैकी निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

यावरून रुग्णाची वेदना काल्पनिक आहे असा अर्थ काढणे चूक ठरेल. नोसिबोची वेदनाही खरीच दुखते. तिचे कारण तेवढे गोळीतील रसायन नसते. शिवाय २०१६ च्या 'गॉस-३' चाचणीत पूर्वी स्टॅटिन न सोसलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के लोकांना केवळ ॲटोर्वास्टॅटिनवर त्रास झाला, औषधविरहित गोळीवर नाही. २६.५ टक्के लोकांच्या बाबतीत नेमके उलट घडले.

भीतीचे परिणामही मोजले गेले आहेत. डेन्मार्कमधील सुमारे पावणेसात लाख लोकांच्या अभ्यासात (२०१६) वृत्तमाध्यमांतील नकारात्मक बातम्यांनंतर गोळी लवकर सोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले आणि लवकर सोडणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २६ टक्क्यांनी अधिक आढळला. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊन गावी परतलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे: स्टेंट बसविला तरी इतर रोहिण्यांतील कोलेस्टेरॉलचे थर तसेच राहतात.

इतर औषधांशी आंतरक्रिया

खऱ्याखुऱ्या स्नायुविकाराच्या अनेक घटनांमागे दुसरे औषध असते. सेरिवास्टॅटिन हे स्टॅटिन २००१ साली जगभरातील मृत्यूंमुळे बाजारातून काढून घेण्यात आले. त्यांतील बरेच रुग्ण सोबत जेमफायब्रोझिल घेत होते. आज भारतात अधिक लक्ष द्यावे असे औषध इट्राकोनाझोल आहे. नायटा-गजकर्णासाठी ते सर्रास, कित्येकदा दुकानातून थेट घेतले जाते. ते सिमवास्टॅटिनसोबत घेऊ नये आणि ॲटोर्वास्टॅटिनची मात्राही त्याच्यासोबत मर्यादित ठेवावी लागते. क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, डिल्टियाझेम व व्हेरापामिल ही रक्तदाबाची औषधे आणि सायक्लोस्पोरिन यांच्याबाबतही सावधगिरी लागते. परदेशी माहितीपत्रकांत ग्रेपफ्रूटचा इशारा ठळक असतो. खानदेशात ते फळ क्वचितच खाल्ले जात असल्याने त्वचारोगावरच्या गोळ्यांची चौकशी अधिक उपयोगाची.

तपासण्या

स्नायूंना इजा झाली की क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात वाढते. प्रयोगशाळांच्या अहवालात ते सीपीके या नावाने येते. सामान्य मर्यादेच्या दहापटीपेक्षा अधिक वाढ झाल्यास औषध थांबवावे लागते. वेदना असूनही ते सामान्य असणे हा नेहमीचा अनुभव आहे. जड श्रमानंतर ते आपोआप वाढते, म्हणून दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन तपासणी करणे योग्य. अंगदुखीसाठी दंडात वा कमरेत घेतलेल्या सुईनेही ते वाढते, ही बाब रुग्ण सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. यासोबत अवटू ग्रंथी, मूत्रपिंड व यकृत यांच्या तपासण्या केल्या जातात.

उपाययोजना

वेदना सौम्य व सीपीके सामान्य असल्यास काही आठवडे गोळी चालू ठेवून पाहता येते. त्रास सोसण्यापलीकडचा असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती दोन ते चार आठवडे थांबविली जाते. या काळात रुग्णाने दिनदर्शिकेवर रोज दहापैकी एक आकडा लिहून ठेवावा. कापूस वेचणीचे वा पाणी भरण्याचे दिवसही त्यावर नोंदवावेत. थांबवूनही वेदना तशीच राहिली, तर दोष गोळीचा नसण्याची शक्यता मोठी. वेदना गेली, तर गोळी कमी मात्रेत किंवा दुसरे स्टॅटिन देऊन पुन्हा सुरू करतात. ती परतली, तरच स्टॅटिनवरील आरोपाला बळ येते. बोस्टन परिसरातील एका अभ्यासात (२०१३) त्रासामुळे थांबवून पुन्हा स्टॅटिन सुरू केलेल्या ६,५७९ रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक वर्षभरानंतरही स्टॅटिन घेत होते.

कमी मात्रेत लाभ बुडतो, ही समजूत बरोबर नाही. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल कोलेस्टेरॉल जेमतेम सहा टक्क्यांनी आणखी घटते. परिणामाचा मोठा भाग पहिल्या छोट्या मात्रेतच मिळतो. म्हणून सोसवणारी लहान मात्रा आणि तिच्या जोडीला एझेटिमाइब १० मिलिग्रॅम ही योजना पुष्कळदा पुरेशी ठरते. एझेटिमाइबमुळे एलडीएल सुमारे वीस टक्क्यांनी अधिक उतरते. रोसुवास्टॅटिन व ॲटोर्वास्टॅटिन शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने ती दिवसाआड देण्याचाही प्रयोग केला जातो.

कोणतेच स्टॅटिन सोसत नसल्यास बेम्पेडोइक ॲसिड हा पर्याय आहे. ते यकृतातच कार्यक्षम होते, कारण त्यास जागृत करणारे विकर स्नायूंमध्ये नसते. २०२३ च्या १३,९७० रुग्णांच्या चाचणीत त्याने हृदयविकारादी घटना १३ टक्क्यांनी कमी केल्या. त्याने यूरिक ॲसिड वाढते, त्यामुळे गाउट असलेल्यांना जपावे लागते. पीसीएसके-९ या प्रथिनाला अडविणारी इंजेक्शने प्रभावी, पण महाग आहेत.

घरगुती व पारंपरिक उपाय

नियमित चालण्याने त्रास वाढत नाही. अचानक सुरू केलेले जड श्रम मात्र टाळावेत. कोएन्झाइम क्यू-१० च्या गोळ्यांविषयीचे पुरावे परस्परविरोधी आहेत. ड जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास ती भरून काढावी, पण सरसकट दिलेल्या ड जीवनसत्त्वाने स्टॅटिन सुरू करणाऱ्यांमधील स्नायुवेदना कमी होत नाही, असे २०२२ मध्ये २,०८३ लोकांच्या चाचणीत दिसले. दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके हृदयरुग्णांना व मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकतात. थोड्या दिवसांसाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित.

शेवभाजीवरचा तेलाचा तवंग आणि वरण-बट्टीवरचे तूप आवरणे हितकारकच आहे. तथापि आहाराने एलडीएल मर्यादितच घटते आणि झटका येऊन गेलेल्या रुग्णाला तेवढे पुरत नाही. गुग्गुळापासून केलेल्या औषधाला भारतात कोलेस्टेरॉलसाठी मान्यता आहे, मात्र २००३ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत त्याने एलडीएल घटण्याऐवजी किंचित वाढले. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळात मोनॅकोलिन-के असते. रासायनिकदृष्ट्या ते लोवास्टॅटिनच आहे. स्टॅटिन सोडून ते घेणारा मात्रा ठाऊक नसलेले स्टॅटिनच घेत असतो आणि त्याचे स्नायू त्यानेही दुखू शकतात.